‘लो’ बँडचा पहिला अल्बम कसा ऐकावा : स्लोकोरकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरिअरच्या पश्चिम टोकाला डलूथ नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या तिघांनी १९९३ मध्ये ‘लो’ नावाचा बँड काढला आणि १९९४ च्या फेब्रुवारीत त्यांचा पहिला अल्बम आला, ‘आय कुड लिव्ह इन होप’. मुद्दाम संथ आणि हळू वाजवलेल्या अशा रॉकला ‘स्लोकोर’ म्हणतात. अकरा गाणी, सगळी मिळून तासाला जरा कमी. हिट म्हणावं असं त्यात एकही गाणं नाही. आता तीस वर्षं उलटून गेलीत, बँडही राहिलेला नाही, आणि तरी कुणीतरी कुणाला तरी ‘हे एकदा ऐकून बघ’ म्हणत तोच अल्बम पाठवत असतं.

ज्याला पाठवला त्याचं पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. पहिलं गाणं बरं वाटतं. दुसरं कधी संपलं ते कळत नाही. तिसऱ्याला हात फोनकडे जातो, आणि मग ‘सगळं सारखंच वाटतंय रे’ असं उत्तर येतं. हा लेख तिसऱ्या गाण्यावर अडकलेल्या मंडळींसाठी आहे. माझं म्हणणं एकच : हा झोपेचा अल्बम नव्हे. संथ आहे, हळू आवाजातला आहे, पण निवांत मुळीच नाही. ‘रात्री डोकं शांत करायला ऐक’ असं सांगून तो ज्यांच्या हाती दिला जातो, त्यांच्या हातून तो हमखास निसटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

गिटार आणि गायन अ‍ॅलन स्पारहॉक, ड्रम्स आणि गायन मिमी पार्कर, बास जॉन निकल्स. अ‍ॅलन आणि मिमी हे नवरा-बायको, त्याच राज्यातल्या एका छोट्या गावात शाळेपासूनची ओळख, आणि दोघंही मॉर्मन पंथाचे. बँडची कल्पना सुरुवातीला चक्क चेष्टेतून निघाली. ते ग्रंजचे, म्हणजे कर्कश, गडगडाटी गिटार-रॉकचे दिवस होते. ‘निर्वाणा’ बँडचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम १९९१ मध्ये येऊन गेला होता आणि गावोगावच्या बारमध्ये प्रत्येक बँड अ‍ॅम्पचं बटण शेवटपर्यंत पिळत होता. अशा गर्दीपुढे जाऊन अगदी हळू, अगदी संथ वाजवलं तर काय होईल? हसता हसता हा प्रश्न पडला, आणि मग तिघांनी तो मनावर घेतला.

काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. बारमधले लोक गप्पा मारत बसलेले. अशा वेळी कुठलाही बँड आवाज वाढवतो, त्यावर लोक आणखी मोठ्याने बोलतात. ‘लो’ने उलटं केलं. गर्दी कुरकुर करायला लागली की ते आवाज आणखी कमी करायचे. मग ज्यांना ऐकायचंय त्यांनाच मागच्यांना गप्प करावं लागायचं. पुढे पुढे तर त्यांच्या कार्यक्रमांना लोक चक्क जमिनीवर बसून ऐकायला लागले. त्यांच्या हळू वाजवण्यात नम्रपणा होता असं कुणी समजू नये, तो निव्वळ हट्ट होता. अल्बम ऐकताना ही गोष्ट लक्षात असेल तर बरंच काम सोपं होतं.

दुसरी माहिती मिमीच्या ड्रम्सची. ती उभी राहून वाजवायची. पुढ्यात एक स्नेअर (खरखरीत आवाजाचा छोटा ड्रम), एक फ्लोअर टॉम (खोल आवाजाचा उंच ड्रम) आणि एखादी झांज, हातात बहुतेकदा काठ्यांऐवजी ब्रश. पायाने वाजणारा तो मोठा बास ड्रम नाहीच. रॉक ऐकलेल्या कानाला ‘काहीतरी कमी आहे’ असं जे वाटतं, त्याचं अर्धं कारण इथे आहे. छातीवर बसणारा तो ‘धप्प’ येतच नाही, त्यामुळे ताल कुठून धरायचा तेच सुरुवातीला कळत नाही.

तिसरी माहिती, ध्वनिमुद्रण. हे क्रेमर नावाच्या निर्मात्याने केलं, त्याच्या ‘नॉइज न्यू जर्सी’ स्टुडिओत. याच क्रेमरने त्याआधी ‘गॅलॅक्सी ५००’ या बँडचे अल्बम केले होते, आणि आवाजाभोवती मोठी रिकामी खोली उभी करणं हा त्याचा हातखंडा. अल्बम काढला ‘व्हर्नन यार्ड’ने, म्हणजे व्हर्जिन कंपनीच्याच एका छोट्या लेबलने.

एवढं पुरे. आता बसायचं कसं ते बघू.

पहिली पायरी : पंखा

हसू नका. हळू वाजणाऱ्या संगीताचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू छताचा पंखा आहे. ब्रश स्नेअरवर घासल्याचा आवाज आणि झांजेचं विरत जाणं त्याच्या घरघरीखाली दबून जातं. त्यात खालून रिक्षा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, स्वयंपाकघरातली शिट्टी. एवढ्या गलक्यात स्पीकरवर हा अल्बम लावलात तर फक्त गिटारची वरची किणकिण आणि गायन उरतं, बाकीचं वाहून जातं. मग ‘यात काही घडतच नाही’ असं वाटणारच.

म्हणून पहिल्यांदा तरी हेडफोन घ्या, आणि कान पूर्ण झाकणारे असतील तर उत्तम. महागडे लागत नाहीत. बाहेरचा गोंगाट कापणारी सोय (नॉइज कॅन्सलिंग) असेल तर ती चालू ठेवायला हरकत नाही, पण बस-लोकलमध्ये ऐकण्याचा मोह पहिल्या दोन-तीन खेपांना टाळा. वेळ रात्री अकरानंतरची किंवा भल्या पहाटेची. उन्हाळ्यात पंखा बंद करून तासभर बसणं ही शिक्षा आहे हे मान्य, तेव्हा हे काम पावसाळ्यात नाहीतर थंडीत काढा.

आणि बसा. आडवे होऊ नका. हे मी गंभीरपणे सांगतोय. आडवं झालं की शरीर त्याचा अर्थ स्वतःच लावतं, आणि चौथ्या गाण्याला तुम्ही घोरत असता. मग दोष बँडच्या माथी.

दुसरी पायरी : फोनमधल्या चार गोष्टी

शफल बंद. अल्बम संपल्यावर आपोआप पुढचं काहीतरी लावणारी सोय बंद, नाहीतर शेवटच्या गाण्यानंतर डोक्यात जी शांतता जमलेली असते तिच्यावर भलताच कुणीतरी ढोल बडवतो. ईक्यू, म्हणजे जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारी सोय, बंद, विशेषतः ‘बास बूस्ट’. सगळी गाणी एकाच पातळीवर आणणारी आवाजाची सोयही अल्बमपुरती काढून टाका.

राहिला आवाज किती ठेवायचा हा प्रश्न. इथे लोक उलटं करतात. संगीत हळू, म्हणून आवाजही बारीक. तसं नको. आजकालच्या गाण्यांच्या मानाने त्या काळच्या सीड्यांची पातळी मुळातच खाली असायची. तेव्हा नेहमीपेक्षा एक-दोन टप्पे वरच ठेवा. पहिल्या गाण्यात अ‍ॅलन गायला लागला की तो तुमच्यासमोर उभा राहून बोलण्याच्या आवाजात गातोय असं वाटलं पाहिजे. तेवढा आवाज बरोबर. एकदा ठरवला की तासभर त्याला हात लावायचा नाही.

तिसरी पायरी : पहिल्या रात्री फक्त दोन गाणी

पहिल्या बैठकीत अख्खा अल्बम ऐकायचा अट्टहास करू नका. ‘वर्ड्स’ ऐका, मग थेट ‘लल्लबाय’. बास.

‘वर्ड्स’ हे पहिलंच गाणं. यात तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी ऐकायच्या आहेत, म्हणजे गाणं तीनदा लावायचं. पहिल्या खेपेला फक्त बास धरा. पुष्कळदा या अल्बमची खरी चाल बासकडे असते, आणि गिटार त्याभोवती बारीक बारीक सूर सांडत फिरते. आपण सवयीने गिटारमागे जातो आणि ‘चाल कुठे आहे?’ म्हणून शोधत बसतो. ती खाली असते.

दुसऱ्या खेपेला दोन आवाज. अ‍ॅलन गातोय, आणि काही ओळींवर मिमी येऊन बसते. आपल्या कानाला एका वेळी एकच सुरावट ऐकायची सवय, त्यामुळे दोन्ही मिळून एकच आवाज वाटतो. तर मुद्दाम मिमीचा धागा पकडा. ती कुठे आत येते, अ‍ॅलनच्या वर कुठे जाते, ओळ संपताना कोण आधी थांबतं. एकदा तो धागा सापडला की पुढची सगळी गाणी उघडतात, कारण या बँडचा जीव या दोन आवाजांमधल्या अंतरात आहे. दोघंही आवाजाला कंप देत नाहीत, लाडिकपणा करत नाहीत, ओळ रंगवत नाहीत. सूर सरळ ठेवतात आणि सोडून देतात.

तिसऱ्या खेपेला काहीच न वाजणाऱ्या जागा ऐका. हे म्हणायला सोपं आणि करायला अवघड. युक्ती अशी : मांडीवर बोटाने ठेका धरा. पहिल्या मिनिटात तुमचं बोट पुढे पळेल. ड्रमचा ठोका यायला हवा तेव्हा येणार नाही, तुमच्या बोटानंतर येईल. पुन्हा धरा, पुन्हा तेच. आपल्याला वाटतं त्यापेक्षा तो ठोका नेहमी किंचित उशिरा पडतो. वाट बघायची आणि ती पुरी व्हायच्या आत पुढची सुरू व्हायची, असा हा सगळा खेळ. संथ आहे पण निवांत नाही, असं वर म्हटलं ते याच अर्थाने.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना इथे विलंबित ख्याल आठवणार, आणि आठवावाच. समेकडे सावकाश जाणं, दोन मात्रांमधली ऐसपैस जागा, ही ओळखीची भूमी आहे. पण फसगतही इथेच होते. विलंबित ऐकताना आपल्याला ठाऊक असतं की बढत होणार, ताना येणार, मग द्रुत येणार आणि मैफल सुटणार. ‘लो’च्या गाण्यात द्रुत नाही. बढत असलीच तर इंचाने. गायक काही नवीन रचत नाही, ठरलेल्या चार ओळी ठरल्या तशा म्हणतो. त्यामुळे ख्यालाच्या अपेक्षेने बसलात तर ‘हे अजून आलापातच आहेत’ असं वाटून वैताग येईल. विलंबिताने शिकवलेला धीर घेऊन या, द्रुताची अपेक्षा मात्र घरी ठेवा.

आता ‘लल्लबाय’. जवळजवळ दहा मिनिटांचं, अल्बमचा कणा. मिमी गाते, आणि नाव अंगाईचं असलं तरी या गाण्यावर कुठलंही मूल झोपेल असं मला वाटत नाही. शब्द थोडेच, ते पहिल्या भागात संपतात. पुढे नुसतं वाजत राहतं. इथे घड्याळ बघू नका. गिटार सुरुवातीला एकेक तार सुटी सुटी छेडते, प्रत्येक सूर विरायला जागा देत. मग त्या जागा भरत जातात. कधी भरल्या हे नेमकं सांगता येत नाही. एका क्षणी लक्षात येतं की मघाशी थेंब थेंब पडत होतं ते आता दाट झालंय, झांज वाढलीये, आणि तुमचा श्वासही थोडा वर आलाय. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावलेला नाही. एवढ्याशा सामग्रीवर एवढा ताण कसा उभा केला, हे नीट कळायला मला तरी हे गाणं पुष्कळ वेळा ऐकावं लागलं, आणि अजून प्रत्येक वेळी तो बदलाचा क्षण हातातून सुटतोच.

हे गाणं बसलं तर पुढे जा. नाही बसलं तर आठवडाभर थांबा आणि परत या. तरीही नाही बसलं, तर सोडून द्या. प्रत्येकाला हे आवडलंच पाहिजे असा काही नियम नाही.

चौथी पायरी : पूर्ण अल्बम, सलग

पुढच्या बैठकीत एक ते अकरा. नावं सगळी एकेका शब्दाची : ‘वर्ड्स’, ‘फिअर’, ‘कट’, ‘स्लाइड’, ‘लेझी’, ‘लल्लबाय’, ‘सी’, ‘डाउन’, ‘ड्रॅग’, ‘रोप’, ‘सनशाइन’. यातलं ‘सी’ म्हणजे समुद्र. छोटी गाणी मुद्दाम पेरलेली आहेत. ‘फिअर’ दोन-सव्वादोन मिनिटांत संपतं, आणि ‘लल्लबाय’च्या ओझ्यानंतर ‘सी’ एक श्वास घेऊ देतं. हे लक्षात आलं की ‘सगळं सारखंच’ ही तक्रार बरीचशी मिटते. सारखा आहे तो वेग आणि वाद्यं. गाण्यांची वजनं सारखी नाहीत.

‘रोप’बद्दल आधीच सांगून ठेवतो. नावाचा अर्थ दोर, आणि गाणं गळफासाच्या आसपास फिरतं, आडपडदा न ठेवता. मन आधीच जड असेल त्या दिवशी हे गाणं, खरं तर हा अख्खा अल्बमच, बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला. स्लोकोरच्या चाहत्यांमध्ये दुःख कुरवाळण्याची एक हौस असते, मला ती फारशी पटत नाही. हे संगीत दुःखात बुडायला लागत नाही. चांगल्या, जाग्या मनाने ऐकलं तर जास्त कळतं.

शेवटचं ‘सनशाइन’ म्हणजे ‘यू आर माय सनशाइन’ हे अमेरिकेत पोराटोरांना पाठ असलेलं गाणं. जिमी डेव्हिसने ते १९४० मध्ये लोकप्रिय केलं, आणि हा गृहस्थ पुढे लुइझिआनाचा गव्हर्नरही झाला. मूळ गाणं लोक हसत हसत म्हणतात, पण शब्द नीट बघितले तर ती एक गयावया आहे : माझा सूर्यप्रकाश नेऊ नका. ‘लो’ने वेग उतरवला आणि ती गयावया उघडी पडली. कुणी ‘संथपणाचा उपयोग काय?’ म्हणून विचारलं तर वाद घालत बसू नका. मूळ गाणं लावा, मग हे लावा.

पाचवी पायरी : जमल्यास वाजवून बघा

गिटार धरता येत असेल, मित्राकडे बास असेल आणि तिसऱ्याला नुसता स्नेअर मिळत असेल तर एक संध्याकाळ यावर घालवाच. स्वर सोपे आहेत, नुकत्याच शिकलेल्यालाही जमतील. अवघड आहे तो धीर.

मेट्रोनोम साठवर लावा, म्हणजे सेकंदाला एक टिक. चारच्या ठेक्यात ड्रमरने फक्त पहिल्या मात्रेवर वाजवायचं, ब्रशने. बासने दोन मात्रांना एक सूर. गिटारने एकेक तार, मोकळी सोडून, रिव्हर्ब (घुमणारा आवाज) भरपूर, डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) शून्य. आता पाच मिनिटं काहीही न वाढवता हेच वाजवायचं. फोनवर रेकॉर्ड करा.

दुसऱ्या मिनिटाला ड्रमरचा हात शिवशिवेल. तिसऱ्याला गिटारवाला एखादी छोटी नक्षी घालेल. चौथ्याला तिघं मिळून मेट्रोनोमच्या पुढे निघून गेलेले असतील. रेकॉर्डिंग ऐकलंत की दिसेलच. मग मेट्रोनोम बंद करून हेच करा आणि बघा तो वेग टिकतो का. या एका संध्याकाळी जे समजतं ते कितीही परीक्षणं वाचून समजत नाही. मिमीचं वादन पहिल्यांदा ऐकताना ‘हे तर कुणीही वाजवेल’ असं वाटतं. ब्रश हातात घेतला की मत बदलतं.

गाताना मात्र दोघांनी एकमेकांकडे तोंड करून गा. माइक लागत नाही. दोघांपैकी एकाने जरी आवाज चढवला तरी सगळं कोसळतं.

विकत घ्यायचा झाला तर

ऐकायला स्ट्रीमिंग पुरेसं आहे. तरी वस्तू म्हणून हवाच असेल तर माझं मत सीडीच्या बाजूने. जवळजवळ तासाभराचं संगीत एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंत बसवलं की खाचा दाट होतात आणि आवाजाची पातळी पडते. शिवाय एवढ्या शांत संगीतात रेकॉर्डची चरचर आणि टकटक उठून दिसते. काहींना तीच आवडते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी आधी धरा. पुष्कळदा हे दोन्ही मिळून अल्बमच्या किमतीवर जातं. जुनी सीडी घेत असाल तर वर्णनात चरे आणि आतल्या पुस्तिकेची अवस्था लिहिली आहे का ते बघा, नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुसरा विक्रेता शोधा.

हे चाहते टिकले कसे

हा प्रश्न नवख्यांना पडतोच. सोपं उत्तर असं की बँड थांबला नाही. निकल्स पहिल्या अल्बमनंतर बाहेर पडला, त्याच्या जागी झॅक सॅली आला, पुढे आणखी बासवादक बदलले, पण अ‍ॅलन आणि मिमी जवळजवळ तीस वर्षं वाजवत राहिले. ‘स्लोकोर’ हा शिक्का त्यांना स्वतःला कधीच आवडला नाही, तरी तो चिकटला तो चिकटलाच. २००३ मध्ये ते युरोपात रेडिओहेडच्या आधी मंचावर आले. लेड झेपलिनच्या रॉबर्ट प्लांटने २०१० च्या ‘बँड ऑफ जॉय’ अल्बममध्ये त्यांची दोन गाणी गायली. नाताळच्या गाण्यांची त्यांची १९९९ ची छोटी तबकडी दर डिसेंबरला नवे श्रोते आणते. तिच्यातलं ‘लिट्ल ड्रमर बॉय’ एका कपड्यांच्या कंपनीच्या टीव्ही जाहिरातीत वापरलं गेलं होतं. म्हणजे दारं अनेक होती, आणि प्रत्येक दारातून आत आलेला माणूस कधी ना कधी मागे चालत पहिल्या अल्बमपाशी पोचतोच.

पण मला या चाहतेपणाचा खरा नमुना २०१३ मध्ये दिसतो. मिनियापोलिसच्या ‘रॉक द गार्डन’ या उघड्यावरच्या महोत्सवात ‘लो’ला ठरावीक वेळ मिळाला होता. लोक ओळखीची गाणी ऐकायच्या तयारीत. बँडने त्यांच्या १९९६ च्या अल्बममधलं ‘डू यू नो हाउ टू वॉल्ट्झ?’ हे एकच गाणं सुरू केलं आणि तेच सत्तावीस मिनिटं वाजवलं, एक सूर धरून, गुरगुरत, घोंघावत. शेवटी अ‍ॅलन एवढंच म्हणाला, ‘ड्रोन, नॉट ड्रोन्स’. म्हणजे सतत धरलेला सूर हवा, बॉम्ब टाकणारी विमानं नकोत. आणि ते मंचावरून उतरले. लोक चिडले, पुष्कळ वाद झाला. पण १९९३ च्या बारमध्ये गर्दी बोलायला लागल्यावर आवाज कमी करणारा बँड तो हाच. वीस वर्षांत हट्ट तसूभर हलला नव्हता. पुढे त्याच घोषणेच्या नावाने मिनियापोलिसमध्ये अठ्ठावीस तास अखंड चालणारी ड्रोन संगीताची मैफल सुरू झाली, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेला मदत म्हणून. एकामागून एक कलाकार येतात, सूर तुटू द्यायचा नाही हा नियम.

नुसता अल्बम आवडला तर तो आठवणीसारखा मागे पडतो. हट्ट आवडला की माणूस चिकटून राहतो, असा माझा अंदाज.

पुढे काय ऐकायचं

पहिला अल्बम पचला की लगेच ‘लाँग डिव्हिजन’ (१९९५). तोही क्रेमरकडेच झाला, तीच खोली, जरा जास्त उजेड. मग ‘द कर्टन हिट्स द कास्ट’ (१९९६), ज्यात ते ‘वॉल्ट्झ’वालं गाणं मूळ चौदा मिनिटांच्या रूपात आहे. त्यानंतर स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केलेले दोन : ‘सीक्रेट नेम’ (१९९९) आणि ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ (२००१). घाईत असाल आणि एकच घ्यायचा असेल तर दुसरा घ्या, गाणी म्हणून त्यांचं सर्वात भरीव काम तिथे आहे.

२००५ पासून ते ‘सब पॉप’ या लेबलकडे गेले आणि आवाज वाढला. ‘डबल नेगेटिव्ह’ (२०१८) आणि ‘हे व्हॉट’ (२०२१) यांत तर गिटारचा आवाज इतका चिरफाळलेला आहे की स्पीकर फाटलाय असं वाटतं, आणि त्या मोडतोडीतून ते दोन आवाज तसेच सरळ उभे राहतात. पहिल्या अल्बमवरून थेट इथे उडी मारू नका. मधले टप्पे ऐकले असतील तर या मोडतोडीची किंमत कळते.

बाजूच्या वाटाही आहेत. न्यूयॉर्कच्या ‘कोडीन’चा ‘फ्रिजिड स्टार्स’ (१९९०) ‘लो’च्या आधीचा, अधिक कोरडा आणि अधिक निर्दय. ‘गॅलॅक्सी ५००’चा ‘टुडे’ (१९८८) क्रेमरच्याच हातचा, जरा भोळा आणि गोड. टेक्सासच्या ‘बेडहेड’चा ‘व्हॉटफनलाइफवॉज’ हाही १९९४ चाच, त्यात तीन गिटारी एकमेकींत विणलेल्या आहेत. कॅलिफोर्नियाच्या ‘डस्टर’चा ‘स्ट्रॅटोस्फिअर’ (१९९८) आज विशीतली पोरं सर्वात जास्त ऐकतात. बँड कैक वर्षं गप्प होता, आणि छोट्या व्हिडिओंमागे त्यांची गाणी वाजायला लागल्यावर अल्बम निघाला तेव्हा जन्मलेही नव्हते असे श्रोते त्यांना मिळाले. तुम्ही त्या दारातून आला असाल तर ‘लो’ तुम्हाला जास्त उघडा, जास्त रिकामा वाटेल. घरगुती टेपचा तो धूसर पडदा इथे नाही.

मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि त्याबरोबर ‘लो’ थांबला. अ‍ॅलनचे त्यानंतरचे दोन अल्बम आहेत. ‘व्हाइट रोझेस, माय गॉड’ (२०२४) मध्ये त्याने स्वतःचा आवाज यंत्रातून इतका बदललाय की ओळखू येत नाही. ‘विथ ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ (२०२५) हा डलूथच्याच ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) वाजवणाऱ्या मंडळींबरोबर केलेला, लाकडी वाद्यांचा. हे दोन्ही अगदी शेवटी ठेवा, आणि त्यातही याच क्रमाने घ्या. मिमीचा आवाज कानात पक्का बसलेला असेल, तरच अ‍ॅलनने पहिल्यात स्वतःचा आवाज का झाकला आणि दुसऱ्यात गाताना आजूबाजूला माणसं का गोळा केली, हे ऐकू येतं.